जॅकवरचं कुंकू

महेशचं वागणं मला पसंत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. तीन वर्षं झाली, हा मुलगा मला त्याच्या कॉलेजच्या फाटकासमोर उभी करत नाही. अलीकडच्या वळणावर एक कडुनिंब आहे. त्याच्यामागे, उसाच्या रसवाल्याच्या गाड्याआड मला ढकलतो. अंगातला खाकी शर्ट काढून माझ्याच सीटखाली कोंबतो, माझ्याच आरशात भांग पाडतो आणि ओळखदेख नसल्यासारखा चालू लागतो. आरसा चालतो, सीटखालची जागा चालते, फक्त मी चालत नाही.

मी एक जुनी रिक्षा आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे नीट ऐकून घ्या. माझा हूड दोनदा बदलला, सीटचं रेक्झिन तीनदा, पण इंजिन अजून जन्माचंच आहे. मला लिहितावाचता येत नाही. माझा स्वतःचा नंबर आणि मीटरचे आकडे, एवढीच माझी विद्या. पण या घराला कोणी पोसलं ते सुरतेच्या लिंबायत वस्तीत कुणालाही विचारा. माझंच नाव सांगतील.

माझा जन्म पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यातला. तिथे आम्ही शेकडो बहिणी एका रांगेत उभ्या होतो, सगळ्या सारख्याच काळ्या-पिवळ्या. कोण कुठे जाणार ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या वाट्याला सुरत आली, आणि सुरतेत रघुनाथ आला. हा अमळनेरकडचा माणूस. बरीच वर्षं त्याने मागावर कापड विणलं. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान जड झाले होते. एक दिवस त्याने ठरवलं की आता आवाज ऐकायचा तर स्वतःच्या मालकीचा. मग मला आणलं. इंदुबाई, म्हणजे त्याची बायको, हिने माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि माझ्या कपाळावर हळद-कुंकू लावलं. कुणी सांगितलं, अगं आता बस तरी आत. ती म्हणाली, आधी गिऱ्हाईक बसेल, मग मी. अशी बाई. आमचं दोघींचं तिथेच जमलं.

पुढची वर्षं मी या शहरात इतकी फिरले, की रस्त्यातले खड्डे मला नावाने ओळखायचे. हजीऱ्याच्या कारखान्यातली माणसं मी कामावर सोडली. टिकल्या लावायला साड्यांचे गठ्ठे मांडीवर घेऊन घरी नेणाऱ्या बाया सोडल्या. बाळंतिणी नेल्या, नवऱ्या आणल्या. प्लेगच्या साली माणसं तोंडाला रुमाल बांधून गाव सोडून पळत होती, तेव्हा स्टेशनच्या वाटेवर मी बंद पडले नाही. लोक म्हणायचे, रघुनाथची गाडी म्हणजे भरवशाची गाडी. मी ऐकायची आणि जरा जास्तच जोरात धूर सोडायची.

पण माझं लाडकं काम म्हणजे शाळेची वर्दी. वर्दी म्हणजे मुलांची ठरलेली ने-आण. सकाळी घरून शाळेत, दुपारी शाळेतून घरी. तुमच्यासारखीच मुलं, मित्रांनो. पाण्याच्या बाटल्या सांडणारी, माझा रबरी भोंगा दाबून पळणारी, सीटच्या फटीत पेन्सिली खुपसणारी. त्यांच्या आया सकाळी दाराशी उभ्या असतात. त्यांचा विश्वास असतो की ही गाडी येणार म्हणजे येणारच. वर्दीला सुट्टी नसते आणि वर्दीला सबब नसते.

रघुनाथचा लेक महेशही याच सीटवर मोठा झाला. बारावीला त्याने असे गुण मिळवले, की गल्लीतल्या सगळ्यांनी पेढे मागून खाल्ले. इंजिनियरिंगला नंबर लागला, तोही यंत्रांच्या शाखेत. इंदुबाईने त्या दिवशी माझ्या भोंग्याला झेंडूचं फूल बांधलं. आणि त्याच वर्षी रघुनाथचा उजवा गुडघा गेला. माझा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. त्यात मुलांना चढवायला-उतरवायला दहा वेळा खाली उतरायचं, पुन्हा बसायचं. तो संध्याकाळी भिंत धरून घरात यायला लागला.

मला दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं घाटत होतं. मी सगळं ऐकत दारात उभी होते. तेव्हा महेश म्हणाला, कुणाला द्यायची नाही, मी चालवीन, आणि कॉलेजही करीन. दोन्ही करीन. हे मी त्याच्या नावावर जमा धरते. त्याच्याबद्दल इतकं वाकडं बोलते, म्हणून हेही बोललं पाहिजे. त्याने बिल्ला काढला, खाकी शर्ट शिवून घेतला आणि सकाळी मुलांना घेऊन निघाला.

आता हिशेब बघा कुठे चुकला. कॉलेजचं वर्कशॉप दुपारी, आणि शाळा सुटते तीही दुपारी. मुलगा एकच, दुपार एकच. हा काय करायचा, वर्कशॉप बुडवायचा. बरं, बुडवलं ते बुडवलं, खरं सांगायचं ना? ते नाही. जरीवाला मॅडम म्हणून एक बाई त्याला यंत्रांची चित्रं काढायला शिकवतात. वर्गाची हजेरीही त्यांच्याकडेच. त्यांना तो रोज नवी थाप मारायचा. आज ताप, उद्या पोट. आधी माझ्या आरशात बघून चेहरा पाडायची तालीम करायचा, म्हणून मला माहीत. एकाच काकाला त्याने दोनदा मारलं. काका अमळनेरला ठणठणीत, रोज शेतावर जातो.

आणि घरी? घरी सगळं छान. इंदुबाई विचारायची, अभ्यास कसा चाललाय? हा म्हणायचा, चाललाय. रघुनाथ विचारायचा, तिकडे काय शिकवतात रे? हा म्हणायचा, तुम्हाला नाही समजायचं. कॉलेजात रिक्षा लपवायची आणि घरात कॉलेज लपवायचं. दोन्हीकडे दारं लावून घेतली की माणूस मधल्या बोळात एकटा उभा राहतो.

मीही त्या बोळात सापडले. माझ्या क्लचची वायर उसवायला लागली होती. एकेक तार तुटत होती, गियर टाकताना मी कण्हायची. हा म्हणायचा, सबमिशन झालं की बदलू. आधी हा मला शनिवारी धुतल्याशिवाय राहत नसे. आता पावसाळ्यातला चिखल दसऱ्यापर्यंत अंगावर वाळला.

यंदा नवरात्र लागायच्या आधी मॅडमनी त्याला स्पष्ट सांगितलं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगची शीट हातात पाहिजे, आणि इतक्या गैरहजेरीचं खरं कारणही पाहिजे. नाहीतर टर्म ग्रँट होणार नाही. म्हणजे परीक्षेला बसू देणार नाहीत, मित्रांनो. म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात. दोन दिवस तो आरशासमोर दुसरा काका शोधत होता. शीटचं काम मात्र त्याने जीव लावून केलं. वर्दी आणि कॉलेज यांच्या मधल्या वेळात, माझ्या मागच्या सीटवर बोर्ड टाकून, पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक काढत, श्वास रोखून रेघा मारायचा. माझ्या अंगावर बसलेली माशीसुद्धा उडवायचा नाही, हात हलेल म्हणून. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शीट पुरी झाली. ती गुंडाळून त्याने घरातल्या फळीवर ठेवली आणि मोठा श्वास सोडला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचं जे साधन, ते त्या दिवशी देवाजवळ बसतं. सकाळी महेश मला धुवायला नळावर घेऊन गेला. घरी इंदुबाईने पाट मांडला. रघुनाथचा मागावरचा जुना धोटा ठेवला. पाने ठेवले, पकड ठेवली. मला वर उचलायचा जॅक घासून ठेवला. आणि मग तिला वाटलं, एवढ्या सगळ्यांत माझ्या लेकाची विद्या कुठे आहे? तिने फळीवरची गुंडाळी काढली. देवापुढे विद्या गुंडाळून कशी ठेवायची, म्हणून उलगडली. चार कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या ठेवल्या. आत बघते तर मधोमध वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ, त्यातून आरपार गेलेल्या रेघा. हात जोडले बाईने. पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं बोट नेमकं मधल्या टिंबावर टेकवलं, वर हळद लावली, अक्षता टाकल्या.

आम्ही आलो तेव्हा दार उघडंच होतं, आणि मी दाराला लागून उभी राहते. मला सगळं दिसलं.

महेशने पाटावरची शीट बघितली. मग जे बोलला ते मी कानाआड करू शकत नाही. "तुला काय कळतं गं यातलं? का हात लावलास? या घरात कुणाला काही कळत नाही."

इंदुबाई खाली बसून एकेक सुपारी उचलू लागली. कुंकू बोटाने पुसायला गेली, ते आणखी पसरलं. मग हात मागे घेऊन हळूच म्हणाली, "माले वाटनं देवनं यंत्र शे."

आमच्या घरात अशीच खान्देशी बोली चालते. तिला वाटलं होतं ते देवाचं यंत्र आहे, पूजेत ठेवतात तसं. इतक्या बारीक रेघा देवासाठी नाहीत तर कुणासाठी, असा तिचा विचार. मला तरी त्यात काही चूक दिसत नाही.

रघुनाथ खाटेवर बसला होता. एरवी त्याला अर्धं ऐकू येत नाही. पण हे त्याला नीट ऐकू आलं. तो गुडघा दाबत म्हणाला, "कळी कसं? तू आमले कधी सांगं का?"

एवढंच. ओरडला नाही, हात उगारला नाही. पण पोरगा दाराशी आला. तो माझ्या पायरीवर बसला आणि तीन वर्षांचं सगळं बोलून टाकलं. बुडवलेली वर्कशॉपं, मॅडम, ताप, टर्म, परवा द्यायची शीट. दोनदा मेलेला काका आला तेव्हा रघुनाथला हसू फुटलं, त्याचा भाऊ होता ना तो. इंदुबाईने मात्र डोळ्याला पदर लावला. ती शीटसाठी रडत नव्हती. एवढं ओझं हा पोरगा एकटा वाहत होता आणि आपण त्याला शाबासकीवर शाबासकी देत बसलो, यासाठी रडत होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. सुरतेत दसऱ्याला फाफडा-जलेबीच्या रांगा गल्लीच्या तोंडापर्यंत येतात, आणि गिऱ्हाईक रिक्षाला हात करून थकतं. वर्षात असे कमाईचे दिवस हाताच्या बोटांवर. सकाळी माझी पूजा झाली, गळ्यात झेंडूची माळ पडली. गल्लीच्या तोंडाशी माणसं थांबलेली मला दिसत होती. मी निघायला तयार होते. तेवढ्यात रघुनाथने माझी चावी इंदुबाईच्या हातात दिली. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि लेकाला म्हणाली, "आज गाडी हालनार नही. तू आठेच बस आनि काढ." आठेच म्हणजे इथेच, आणि काढायची ती नवी शीट.

घरात पाहुणे, खोली एक. म्हणून बोर्ड पुन्हा माझ्या मागच्या सीटवर आला. खाली विटांचे तुकडे देऊन रघुनाथने तो सपाट केला. महेश माझ्या पाय ठेवायच्या जागेत पाटावर बसला. पहिली रेघ मारली आणि मग त्याने जे तीन वर्षांत केलं नव्हतं ते केलं. आईला हाक मारली आणि दाखवलं. हे वरून बघितलं तर असं दिसतं. हे बाजूने. हे मधून कापलं असं समजायचं. आणि हा आहे स्क्रू जॅक.

इंदुबाईने कागदाकडे बघितलं. मग पाटावरचा कुंकू लावलेला जॅक उचलून आणला, सीटवर ठेवला आणि एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं.

"हाऊ?" ती जॅकवर बोट ठेवून म्हणाली. "हाऊ जॅक? मी दोन्हीसले कुंकू लावं."

मग ती हसली, रघुनाथ हसला, आणि शेवटी तो रडवेला पोरगाही हसला. मी पण हसले. त्या जॅकवर मी जन्मभर एक पाय उचलून उभी राहिले, आणि तो कागदावर देव होऊन बसला होता.

दिवसभर गल्ली माझ्याभोवतीने जात-येत होती. सोनं द्यायला आलेली माणसं आपट्याची पानं माझ्या हँडलवर ठेवून जायची, महेशच्या हाताला धक्का लागू नये म्हणून. मुलं भोंग्याकडे बोट दाखवायची, इंदुबाई डोळे वटारायची. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला नेलं नाही. जागेवरून हललेसुद्धा नाही. तरी माझ्या आयुष्यात एवढी महत्त्वाची वर्दी मी दुसरी केलेली नाही.

आणि काम करता करताच पुढचंही ठरलं. रघुनाथचा गुडघा जास्त दुखतो तो वारंवार उतरण्याने, ब्रेक दाबण्याने तेवढा नाही. मग कॉलेजवरून मला नेऊन दुपारची वर्दी तो चालवेल, आणि मुलांना चढवायला-उतरवायला इंदुबाई बरोबर बसेल. महेश सकाळची वर्दी करेल, कॉलेज सुटल्यावर तासभर गाडी फिरवेल आणि मग झोपेल. हे झोपेचं इंदुबाईने दोनदा म्हणून घेतलं. तीन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर तीन वर्षांपूर्वीच ठरलं असतं. पण विचारायला तोंड उघडावं लागतं.

दिवस मावळला तेव्हा चित्र पुरं झालं होतं. कोपऱ्यातला भागांच्या नावांचा तक्ता तेवढा राहिला होता.

आज शाळाच बंद, म्हणून सकाळी आम्ही थेट कॉलेजला आलो. कडुनिंब आला, मी सवयीने वळायला लागले. पण हँडल वळलं नाही. महेशने मला सरळ नेलं आणि फाटकासमोर उभी केली, माळेसकट. वॉचमन धावत आला, त्याला वाटलं गिऱ्हाईक सोडायला आलोय. रिक्षा पुढे घ्या म्हणाला. महेश म्हणाला, मीच इथे शिकतो, ही आमची गाडी आहे. अंगात खाकी शर्ट तसाच. वॉचमनने एकदा शर्ट बघितला, एकदा त्याच्या हातातली जुन्या-नव्या शीटांची गुंडाळी, आणि बाजूला झाला.

जरीवाला मॅडम स्कूटरवरून उतरल्या, आणि हा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. वर्दी, गुडघा, दुपारची शाळा, सगळं बोलला. आरशातल्या तालमीशिवाय बोलला, म्हणून अडखळत बोलला. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. मग गुजरातीत एकच विचारलं, "अने काका? काका जीवे छे?"

याने मान खाली घातली. "जीवे छे, मॅडम."

मॅडमनी दोन्ही शीटा माझ्या सीटवर उलगडल्या. कुंकवाच्या शीटवर त्यांची नजर बराच वेळ राहिली. हे कुणी केलं म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, माझ्या आईने पूजेत ठेवली होती. कॉलेजच्या फाटकात उभं राहून माझी आई असं तो पहिल्यांदा म्हणाला. मॅडमनी ती शीट परत गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि सांगितलं की ही घरी ने, खोडू नकोस. नवी शीट त्यांनी ठेवून घेतली, पण तक्ता घंटा व्हायच्या आत इथेच पुरा करायला लावला. आणि खोटं बोलल्याबद्दल सोडलं नाहीच. वर्कशॉपची बुडवलेली सगळी कामं दिवाळीच्या सुट्टीत येऊन करायची, एकही सुटायचं नाही. ती पुरी झाली तर टर्म ग्रँट, आणि मग परीक्षा. म्हणजे दिवाळीला गावी जाणं गेलं. दोनदा मारलेला काका यंदा भेटणार नाही. चांगली बाई आहे. ती मला पटली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी शिकता शिकता कमावत असेल. दादा असेल, ताई असेल. त्यांना नुसती शाबासकी देऊ नका, विचारा, की यातलं आम्ही काय उचलू? आणि तुम्हीच तसे असाल, तर तोंड उघडा. माणूस असो की गाडी, कण्हायला लागली की त्याच दिवशी बघायचं असतं, सबमिशन झाल्यावर नाही.

तो बघा, घंटा झाली. तक्ता देऊन आला. खाकी शर्टाच्या बाहीला शिसाचे काळे डाग आहेत आणि तोंडावर असं हसू, की जणू या कॉलेजच्या फाटकाला यानेच रंग दिला. तास सुरू व्हायला थोडा वेळ आहे म्हणून माझ्याजवळ आला आणि हुडावर हात ठेवून उभा राहिला. एवढी वर्षं मी गप्प बसले. आता नाही बसत.

"ऐक रे महेश. तू दोन्ही करू शकतोस, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एकट्याने नाही करू शकत, हे तुला काल कळलं. शिकलेल्या माणसाला यापेक्षा जास्त उशीर शोभत नाही. उद्या इंजिनियर हो, मोटार घे, मला भंगारात घाल, माझी ना नाही. पण तोवर मी या घराची थोरली आहे. थोरलीला कडुनिंबामागे उभी करत नाहीत, या फाटकासमोरच उभी करायची. आता जा, तास बुडवू नकोस. आणि सुटल्यावर आईला नमस्कार करायच्या आधी माझ्या क्लचची वायर बदल, नाहीतर घरापर्यंत पोचणार नाहीस."